मॉरिशसला जाणाऱ्यांनी मॉरिशसही पाहावे

मुंबईहून थेट विमान, भारतीयांना आधी व्हिसा काढण्याची कटकट नाही, विमानात साडेसहा तास आणि उतरल्यावर हॉटेलची गाडी उभी. मॉरिशसची सहल मराठी मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली त्याला आता बरीच वर्षे झाली, आणि या सहलीचा साचाही तेवढ्याच वर्षांत पक्का झाला आहे. एक दिवस इल ओ सेर्फ बेटावर पॅरासेलिंग आणि पाण्याखालची चाल. एक दिवस उत्तरेकडे पोर्ट लुई, तिथला कोदाँ वॉटरफ्रंट आणि खरेदी. एक दिवस दक्षिणेकडे गंगा तलाव आणि शामारेलची सात रंगांची माती. उरलेले दिवस हॉटेलचा तलाव, हॉटेलचा किनारा आणि रात्री ‘भारतीय जेवणाची सोय’. गाडीचा चालक आणि जेवण वाढणारा मुलगा सोडले तर एकाही मॉरिशियन माणसाशी पाच वाक्ये न बोलता ही सहल सुखाने पार पडू शकते, आणि बहुतेकांची ती तशीच पार पडते.

यात गैर काय, असे कोणी विचारील. पैसे आपले, रजा आपली, आणि विश्रांती घ्यायला गेलेल्या माणसाला इतिहासाचा तास कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. माझा आक्षेप विश्रांतीला नाही. या साच्यामागे दोन समजुती आहेत आणि त्या दोन्ही चुकीच्या आहेत, हा माझा आक्षेप आहे. मॉरिशस म्हणजे मालदीवपेक्षा परवडणारे निळे पाणी, ही पहिली. मॉरिशस म्हणजे समुद्रापलीकडचा लहान भारत, तिथे पाहायचे ते आपलेच, ही दुसरी. पहिल्या समजुतीमुळे तिथला निसर्ग पोहण्याच्या तलावाच्या पातळीवर येतो, तर दुसरीमुळे तिथली संस्कृती आपल्या कौतुकाचा विषय होऊन बसते. ज्या देशाचा निसर्ग चारशे वर्षांत जवळजवळ संपला आणि आता माणसांच्या हातांनी एकेक झाड, एकेक पक्षी करून परत उभा केला जात आहे, ज्या देशाची संस्कृती गुलाम आणि करारबद्ध मजूर यांनी मिळून नव्याने घडवली, तो देश या दोन समजुतींच्या फटीतून आपल्याला दिसतच नाही. शिवाय न दिसण्याचा तोटा आपल्या एकट्याचा नसतो. त्याची किंमत तिथल्या पाण्याला आणि किनाऱ्यालाही मोजावी लागते.

निसर्गापासून सुरुवात करू, कारण जाहिरातीत तोच असतो. विमानतळावरून हॉटेलकडे जाताना दोन्ही बाजूंना जी हिरवाई दिसते ती मुख्यतः उसाची. ऊस मॉरिशसचा नव्हे. तो डचांनी आणला. डच 1598 साली या निर्मनुष्य बेटावर उतरले, त्यांनी काळ्या एबनीची जंगले तोडून लाकूड युरोपात नेले, जावाहून हरणे आणली, आणि जहाजांतून उतरलेल्या उंदीर, डुकरे, माकडे यांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा फडशा पाडला. डोडो शेवटचा दिसला तो 1662 साली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे माणसाची ओळख झाल्यावर हा पक्षी जेमतेम दोन-तीन पिढ्या टिकला. डचांमागून फ्रेंच आले, त्यांच्यामागून 1810 मध्ये इंग्रज आले, ऊस वाढत गेला आणि जंगल आटत गेले. आज मूळ स्वरूपातले चांगले जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी भागावर उरले आहे. पोर्ट लुईच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात डोडोचा एक सांगाडा आहे. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एतिएन थिरिऊ या हौशी शोधकाने डोंगरातून शोधून काढला. हा गृहस्थ व्यवसायाने न्हावी होता. एकाच पक्ष्याचा जवळजवळ पूर्ण असा हा सांगाडा शास्त्रज्ञांच्या दृष्टीने अनमोल मानला जातो. कोदाँवर डोडोची किल्लीअडकवणी आणि टी-शर्ट घेणाऱ्या आपल्या गटांपैकी किती जण चार पावले चालून हा सांगाडा पाहतात, हे मात्र सहल कंपन्यांनाच विचारायला हवे.

पण डोडोची गोष्ट सांगून थांबणे हा मॉरिशसवर अन्यायच आहे, कारण तिथली खरी पाहण्यासारखी गोष्ट त्यानंतरची आहे. आग्नेय किनाऱ्यावर माहेबूरजवळ इल ओ एग्रेत नावाचे जेमतेम 26 हेक्टरांचे प्रवाळखडकाचे बेट आहे. होडीने काही मिनिटांत तिथे पोहोचता येते, पण मार्गदर्शकाशिवाय फिरता येत नाही. हे बेट 1965 पासून राखीव आहे आणि तिथले काम मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था पाहते. माणसांनी आधी इथले उंदीर काढले, मग बाहेरून आलेली झुडपे हाताने उपटली आणि रोपवाटिकेत वाढवलेली देशी रोपे लावली. तरीही एबनीची नवी रोपे हवी तशी पसरत नव्हती. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातल्या या झाडाची फळे मोठी असतात. ती खाऊन बिया दूरवर टाकण्याचे काम एकेकाळी मॉरिशसची महाकाय कासवे करीत, आणि ती कासवे तर खलाशांनी केव्हाच खाऊन संपवली होती. तेव्हा सेशेल्समधल्या आल्डाब्रा जातीची कासवे आणून बेटावर मोकळी सोडण्यात आली. ती फळे खाऊ लागली, त्यांच्या विष्ठेतून बिया झाडापासून लांब पडू लागल्या, आणि जिथे वर्षानुवर्षे नवे रोप दिसत नव्हते तिथे एबनीची रोपे उगवली. मार्गदर्शक कासवाच्या वाटेवर थांबून ही बोटभर उंचीची रोपे दाखवतो. त्या रोपांत फोटो काढण्यासारखे काही नसते, पण मॉरिशसमध्ये निसर्ग पाहायचा तो असा, एवढे तिथे कळते.

त्याच बेटावर गुलाबी कबुतरे दिसतात, जी 1990च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरली होती. मॉरिशस केस्ट्रेल या छोट्या ससाण्याची गोष्ट तर त्याहून थरारक आहे: 1974 मध्ये रानात फक्त चार पक्षी शिल्लक होते, आणि आज ते शेकड्यांत मोजले जातात. आपल्याकडच्या पोपटाचा नातलग असलेला एको पॅराकीटही असाच काठावरून परत आला. अंडी उबवणे, पिल्लांना हाताने भरवणे, कृत्रिम घरटी टांगणे, उंदीर-मुंगसांवर पाळत ठेवणे अशी रोजची चिकाटीची कामे त्यामागे आहेत. ती करायला पैसे लागतात, आणि इल ओ एग्रेतला जाणाऱ्याच्या तिकिटातून त्यातला काही वाटा येतो. म्हणजे जिथे माणसाच्या येण्याने निसर्गाला हातभार लागतो अशी जागा मॉरिशसमध्ये आहे, आपल्या सहलींनी मात्र तिच्याकडे पाठ फिरवली आहे. आपण जातो ते इल ओ सेर्फला, जिथे स्पीडबोटींची रांग असते आणि प्रत्येक खेळाचे दरपत्रक.

तिथले लोक निसर्गाच्या बाबतीत एकमताचे आहेत असे मात्र कोणी समजू नये. केवळ मस्करीन बेटांवर, म्हणजे मॉरिशस आणि त्याच्या शेजारच्या बेटांवर, आढळणाऱ्या फळखाऊ वटवाघळांची 2015 आणि 2016 मध्ये सरकारने हजारोंनी कत्तल करवली, कारण लिची आणि आंब्याच्या बागाईतदारांचा तगादा होता. संवर्धनवाल्यांचे म्हणणे असे की देशी झाडांची फुले फळवणारी आणि बिया पसरवणारी हीच वटवाघळे आहेत, आणि बागांना जाळी घालणे हा उपाय आहे. वानरांनी बाग उजाड केलेल्या कोकणातल्या माणसाला यात बागाईतदाराची बाजूही चटकन कळेल. देश पाहणे म्हणजे त्याचे असे वादही पाहणे.

समुद्राच्या बाबतीत आपला वाटा अधिक थेट आहे. पश्चिम किनाऱ्यावर तामारिनच्या उपसागरात स्पिनर डॉल्फिन सकाळी विसाव्याला येतात. रात्रभर खोल पाण्यात शिकार करून ते उथळ, शांत पाण्यात झोपेचा वेळ काढतात, आणि नेमक्या त्याच वेळी पर्यटकांच्या होड्या त्यांना घेरतात. अंतर किती ठेवावे याचे नियम आहेत, पण ‘अगदी जवळून दाखवतो’ असे सांगणाऱ्या होडीवाल्याकडे गिऱ्हाईक जाते, तोवर नियम कागदावरच राहतात. इथे दोष होडीवाल्यापेक्षा मागणी करणाऱ्याचा अधिक आहे, असे मला वाटते. त्याचे पोट त्यावर आहे, आपली फक्त हौस.

हा समुद्र कोणाचा आहे, याचे उत्तर 2020 साली जगाने पाहिले. 25 जुलैला वाकाशिओ हे मालवाहू जहाज पोआंत देस्नीजवळच्या प्रवाळावर रुतले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याअखेर त्यातून तेल सांडू लागले. सुमारे हजार टन तेल किनाऱ्यालगतच्या पाण्यात गेले. ब्लू बेचे सागरी उद्यान तिथून जवळ, इल ओ एग्रेत तर तेलाच्या वाटेवरच. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता माहेबूरच्या धक्क्यावर हजारो माणसे जमली. त्यांनी उसाचे पाचट कापडी पिशव्यांत ठासून भरले, पिशव्या शिवून लांबच लांब वळकट्या केल्या, त्या तरंगाव्यात म्हणून प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधल्या, आणि होड्यांनी ओढत नेऊन तेलापुढे आडव्या टाकल्या. तेल शोषायला म्हणून लोकांनी आपले केसही कापून दिले. करोनामुळे त्या वेळी देशाची दारे बंद होती. पर्यटक तिथे नव्हताच. महिनाअखेरीस पोर्ट लुईच्या रस्त्यांवर हजारोंचा मोर्चा निघाला तो जाब विचारण्यासाठी. हॉटेलच्या माहितीपत्रकातला निळा रंग ज्यांनी वाचवला, त्यांच्यापैकी कितीतरी जण त्या हॉटेलांच्या किनाऱ्यावर पाहुणे म्हणून कधी बसलेले नसतील.

किनाऱ्याचाच प्रश्न घ्या. फ्रेंच काळापासून चालत आलेल्या नियमानुसार भरतीच्या रेषेपासून आत सुमारे 81 मीटरची पट्टी सरकारी मालकीची आहे. हॉटेले आणि बंगले उभे आहेत ते त्या पट्टीतल्या भाडेपट्ट्यावर. वाळू सर्वांची, पण वाळूपर्यंत जाणारी वाट हॉटेलच्या फाटकातून, अशी ही गंमत आहे. दक्षिणेतला पॉम्पोनेतचा सार्वजनिक किनारा हॉटेल प्रकल्पासाठी दिला गेला तेव्हा ‘आरेत कोकेँ नू लाप्लाज’, म्हणजे आमचा किनारा चोरणे थांबवा, असे म्हणत लोकांनी तिथे ठाण मांडले. हा राग समजायचा तर रविवारी फ्लिक आँ फ्लाक किंवा माँ श्वाजीच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जावे. सुरूच्या झाडांखाली अख्खी कुटुंबे पहाटेपासून जागा धरून बसलेली असतात, पातेल्यात बिर्याणी आलेली असते, म्हातारी माणसे खुर्च्यांवर, पोरे पाण्यात, आणि दुपार कलली की कोणीतरी रवान काढतो. हॉटेलच्या आरामखुर्च्यांपासून हे अर्ध्या तासावर असते, आणि त्याला तिकीट नाही.

रवान हे बकऱ्याच्या कातड्याचे, सुरूवातीला आगीवर शेकून ताणायचे वाद्य, आपल्या डफाच्या जवळचे. त्याच्या तालावर सेगा गायला आणि नाचला जातो. मळ्यांवरच्या आफ्रिकी आणि मादागास्करच्या गुलामांनी रात्रीच्या अंधारात जे गायले त्यातून सेगा आला. युनेस्कोने 2014 मध्ये त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. हॉटेलच्या रंगमंचावर जेवणाबरोबर जो सेगा दाखवतात तो फुलाफुलांच्या घेरदार घागऱ्यांचा हसरा नाच असतो. तो खोटा नसेल, पण शेपूट-शिंगे कापलेला असतो. गुलामी 1 फेब्रुवारी 1835 रोजी संपली. त्याआधी पळून गेलेले गुलाम नैर्ऋत्येच्या ल मोर्न या उभ्या कड्याच्या डोंगरावर लपत, आणि मुक्तीची बातमी सांगायला आलेल्या शिपायांना पाहून, पकडायलाच आले असे वाटून, त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या अशी कथा तिथे सांगतात. कथेतले ऐतिहासिक किती हा वाद बाजूला ठेवला तरी ल मोर्न 2008 पासून जागतिक वारसास्थळ आहे, आणि आपल्या जाहिरातींत तो डोंगर असतो केवळ समुद्रामागचा देखावा म्हणून. सेगा आणि रेगे यांच्या मिलाफातून ‘सेगे’ घडवणारा गायक काया 1999च्या फेब्रुवारीत पोलीस कोठडीत मरण पावला आणि देश काही दिवस पेटला होता, हे तर सहलीत कोणी सांगणारच नाही. आनंदी बेटाच्या प्रतिमेला ते परवडत नाही.

आता ‘लहान भारत’. गुलामी संपत आली तशी मळ्यांना नवे मजूर हवे होते, म्हणून 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर माणसे नेण्यात आली. 1920 पर्यंत त्यांची संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर दगडी सोळा पायऱ्या आहेत, ज्या चढून ही माणसे नोंदणीला गेली. भोजपुरी, तमिळ, तेलुगू मुलखांतल्या माणसांबरोबर मुंबईहून गेलेले मराठीही होते, पुष्कळसे कोकणातले. त्यांच्या वंशजांचा समाज आज लहान असला तरी ठळक आहे: गणेश चतुर्थीची देशभर सार्वजनिक सुट्टी असते, शाळांत मराठी शिकता येते, महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे, आणि कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून लग्नांत आणि गणपतीत नाचली जाते.

हे सारे पाहून मराठी माणसाचा ऊर भरून येणे स्वाभाविक आहे. अडचण त्यापुढे सुरू होते. आपण त्यांना ‘आपली संस्कृती जपली’ याचे प्रमाणपत्र देऊ लागतो, त्यांच्या मराठीची परीक्षा घेतो, आणि घरात ती बोलली जात नाही हे कळले की हळहळतो. मॉरिशसमधल्या बहुसंख्य घरांची भाषा क्रिओल आहे, मग घर मराठी वंशाचे असो, तमिळ असो वा आफ्रिकी. फ्रेंच शब्दांतून गुलामांनी घडवलेली ही बोली मजुरांच्या वंशजांनीही आपली केली, आणि त्यामुळेच वेगवेगळ्या देवांची, वेगवेगळ्या वर्णांची माणसे एकमेकांशी भांडू आणि हसू शकतात. पाच-सहा पिढ्यांपूर्वी ज्यांना करारावर अंगठा उमटवून जहाजात बसावे लागले त्यांनी आपल्यासाठी काही जपून ठेवले नाही. त्यांनी स्वतःसाठी एक देश उभा केला. त्यांच्याकडे हरवलेल्या नातेवाइकासारखे पाहणे प्रेमाचे वाटते खरे, पण त्यात त्यांच्या शेजारच्या क्रिओल (म्हणजे मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या), मुसलमान, चिनी मॉरिशियनाला आपण चित्राबाहेर काढतो. वांशिक तोल सांभाळत चालणाऱ्या त्या देशात बाहेरून आलेल्याने असे करणे निरुपद्रवी नाही. गंगा तलावावर जरूर जावे, महाशिवरात्रीला कावड घेऊन चालत येणाऱ्या लाखोंची श्रद्धा मोठीच आहे. पण त्याच दिवशी ल मोर्नच्या पायथ्याशीही थांबावे, एवढेच माझे मागणे आहे.

एक व्यवहारी आक्षेप उरतो. पर्यटनावर त्या देशाचे पोट आहे, मग हॉटेलात राहून पैसा ओतणाऱ्याला का बोल लावायचा? हे खरे आहे की युरोपीय संघाने 2006 ते 2009 दरम्यान साखरेचा हमीभाव 36 टक्क्यांनी उतरवला तेव्हा मॉरिशसला दुसरे आधार बळकट करणे भाग पडले, आणि जुन्या साखर कंपन्यांनीही आपल्या जमिनी हॉटेलांकडे आणि परदेशीयांच्या बंगल्यांकडे वळवल्या. साडेबारा लाखांच्या देशात 2019 साली सुमारे 13 लाख 80 हजार पर्यटक आले. म्हणूनच प्रश्न पैसा यावा की नाही असा नसून तो कुठे उतरावा असा आहे. जेवणखाण, खेळ, गाडी सगळे एका पावतीत घेतलेल्या माणसाचा पैसा फाटकाबाहेर फारसा पडत नाही. ऑक्टोबर 2025 पासून परदेशी पर्यटकाकडून रात्रीमागे तीन युरो घेण्याचे सरकारने ठरवले त्यावर आपल्याकडे कुरकुर झाली. एका कॉफीएवढी ही रक्कम मला तरी कमीच वाटते, मात्र ती किनारे आणि जंगलांवरच खर्च व्हावी, सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत विरघळू नये, हा आग्रह धरायला हवा.

‘भारतीय जेवणाची सोय’ हा तर मला सगळ्यात अनाकलनीय आग्रह वाटतो. ज्या देशात रस्त्यावर दालपुरी मिळते तिथे हॉटेलात पनीर बटर मसाला मागायचा! डाळीचे सारण भरलेल्या पातळ, मऊ पुऱ्या, आपल्या पुरणपोळीची तिखट भावंडे. त्या मोठ्या तव्यावरून उतरतात, विक्रेता जोडीने घेतो, त्यावर मोठ्या पांढऱ्या घेवड्याची आमटी, टोमॅटोचा रुगाय, हिरव्या मिरचीचा ठेचा पसरतो, आणि कागदात गुंडाळून हातात ठेवतो. शाकाहारी माणसाची यात पूर्ण सोय आहे, दर मामुली आहे, आणि रांगेत कारकून, हमाल, शाळकरी पोरे, सगळ्या धर्मांची माणसे उभी असतात.

सहल कंपन्या म्हणतील की लोक मागतात ते आम्ही देतो. लोक मागत नाहीत ते लोकांना ठाऊक नसते म्हणून, आणि ठाऊक करून देण्याचा मोबदला कंपन्या आपल्याकडून घेतच असतात. सहा रात्रींपैकी दोन रात्री माहेबूरच्या साध्या अतिथिगृहात ठेवणे, इल ओ सेर्फऐवजी इल ओ एग्रेतचे आरक्षण करणे, पोर्ट लुईच्या खरेदीच्या दिवसात आप्रवासी घाट आणि संग्रहालयासाठी दोन तास काढणे, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात स्थानिक वाटाड्याबरोबर सकाळ घालवणे, डॉल्फिनचा ‘पाठलाग’ कार्यक्रमातून काढून टाकणे, यातल्या कशानेही सहल महाग होत नाही. गणपतीच्या सुमारास तिथे थंड आणि बहुधा कोरडे हवामान असते, चक्रीवादळांचे जानेवारी ते मार्च हे महिने दूर असतात, आणि समुद्रकिनारी विसर्जनाला निघालेल्या गावाबरोबर चालताही येते, अर्थात कोणाच्या तरी बोलावण्यावरून आणि फोनचा कॅमेरा खिशात ठेवून. पुढच्या मोसमाच्या नोंदणीसाठी कंपनीचा प्रतिनिधी छापील कार्यक्रम पुढे करील, तेव्हा त्यातल्या कुठल्या दिवशी कोणता मॉरिशियन माणूस आपल्याला भेटणार आहे, हे त्याला आधी विचारून घ्यावे.